मांडी घालण्यापुरता गुडघा

१८ नोव्हेंबरला गणवेशांचं दुपारचं कटिंग उरकून मी वरचा मजला झाडायला घेतला. घरमालकीणबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि वर्षाच्या विधीसाठी त्यांची मुलगी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याहून येणार होती. बंद घर म्हणजे धूळ, जाळी आणि माजलेल्या पाली. मी डोक्याला फडकं बांधलं, खिडक्या उघडल्या आणि चहाच्या वेळेआधी मोकळी झाले. त्या घरात केर लवकर निघतो, कारण केरसुणीच्या वाटेत काही येत नाही. सोफा नाही, टेबल नाही. खुर्ची एकच आहे, प्लॅस्टिकची. ती गॅलरीत असते आणि तिच्यावर मिरच्यांचे डाग आहेत.

आमच्या मालकीणबाई खुर्चीवर बसत नसत. सगळी गल्ली त्यांना अव्वा, म्हणजे कन्नडमधली आई, म्हणायची. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि रागात दोन्ही. लुगडं गुडघ्याच्या थोडंसंच खाली, कपाळावर विभूती, आणि आवाज असा की वरून हाक आली की खाली माझ्या शिलाईच्या बायका मशीनचं पायडल थांबवायच्या.

मी मोहोळहून सोलापुरात आले तेव्हा गणवेश शिवायचं काम नुकतंच सुरू केलं होतं. चार मशीन मावतील अशा तळमजल्याच्या दोन खोल्या हव्या होत्या. अव्वांकडे गेले. त्या म्हणाल्या, "बस." मी इकडं तिकडं बघितलं, बसायला काहीच नव्हतं, म्हणून फरशीवर मांडी घालून बसले. त्यांनी मला बसताना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "राहा." नवरा काय करतो, गाव कुठलं, मशीनचा आवाज किती होईल, काही विचारलं नाही. पुढं कधीतरी मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तुज्या आदी एक जण आलता. उकिडवा बसला. उकिडवा बसणारा माणूस कवाबी पळतंय."

बसण्यावरून माणूस ओळखायचं त्यांचं शास्त्रच होतं. पाय पसरून बसली ती जेवल्याशिवाय उठायची न्हाय. भिंतीला टेकला तो काहीतरी काम घेऊन आलाय. एक गुडघा वर धरून बसलाय त्याला तुमचं अजून पटलेलं न्हाय. मांडी घालून बसला तोच खरा बसला. "आन खुर्ची?" मी विचारलं. "खुर्ची म्हंजे अर्दं हुबं ऱ्हाणं की. ते काय बसणं हाय व्हय?"

लग्नात पंगत नसेल आणि टेबलखुर्च्या असतील तर त्या ताट घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर जाऊन बसायच्या. एसटी स्टँडवर बाकाशेजारी खाली. एकदा मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. त्या काउंटरच्या बुडाशी बसल्या आणि तिथूनच बोलायला लागल्या. आतल्या माणसाला आवाज येतोय, माणूस दिसत नाही. तो बिचारा काचेतून डावीकडं बघतोय, उजवीकडं बघतोय. "खाली बग की, खाली! वर काय माडीवर बसलीय मी?" शेवटी नवीन आलेले साहेब कागद घेऊन बाहेर आले, सही कुठं करायची ते वाकून दाखवायला लागले, आणि वाकणं जमेना म्हणून सरळ खाली बसले. अव्वांनी सही केली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बग, आता कसं निवांत वाटतंय का न्हाय?" साहेबांना वाटत असावं, कारण ते लगेच उठले नाहीत.

अशा बाईचा गुडघा गेला.

उजवा. आधी कुरकुरायला लागला, मग अडकायला. त्या त्याच्याशी भांडायच्या. मी खाली कापड बेतत असायची आणि वरून ऐकू यायचं, "सुम्क कुंद्रु! सुम्क कुंद्रु म्हंते ना!" म्हणजे गप्प बस. पहिल्यांदा मला वाटलं, घरात मांजर शिरलंय. वर जाऊन बघितलं तर अव्वा पाय पुढं धरून गुडघ्याला बोट दाखवतायत.

त्या बसायच्या, पण उठता येईनासं झालं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते असं.

त्या दिवशी सकाळी त्या पूजेला बसल्या. लिंगायतांची पूजा म्हणजे गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन, मांडी घालून. पूजा झाली आणि गुडघा अडकला तो सुटेचना. दुसरी कुणी बाई ओरडली असती. अव्वांनी दरबार भरवला. दूधवाला आला, त्याला म्हणाल्या, "ये, बस. घाई काय? दूध तापव नि मला बी चा दे." तो तापवून, देऊन गेला. मग शेजारीण आली, तिला बसवून भाजी निवडून घेतली. विजेचं मीटर बघणारा आला, त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला लावली, डबा त्यालाच फळीवरून काढायला सांगितला आणि त्याच्या बायकोच्या माहेरची सगळी चौकशी केली. मी संध्याकाळी वर गेले तेव्हा माझ्याच दोन शिलाईच्या बायका अव्वांसमोर बसून गप्पा मारत होत्या. दोघी खुशीत. अव्वा आज लई मोकळ्या बोलल्या म्हणाल्या.

मी बघितलं, सकाळची विभूती तशीच, पूजेचं ताम्हण तिथंच, आणि नेसणं सकाळचं. मी बायकांना घरी पाठवलं आणि विचारलं, "अव्वा, सकाळपासून इथंच आहात का?"

"मग? घर माजंच हाय की."

"उठा बघू."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं. "तू जा, तुजं काम असंल," म्हणाल्या.

मी काखेत हात घालून त्यांना उठवलं. वजन चांगलंच होतं. मोरीपर्यंत नेलं आणि परत आणलं. दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला.

मुलगी पुण्याला मोठ्या ऑफिसात नोकरीला. येताना ती खुर्ची घेऊन आली, तीच ती प्लॅस्टिकची. अव्वांनी खुर्चीचे आभार मानले आणि तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या. मग आम्ही तिघी हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. तिथं बाकडी होती. अव्वा खाली बसल्या आणि स्ट्रेचरची वाट अडवली.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. "आजी, काय त्रास?"

"मांडी पडंना."

"चालताना दुखतं का? जिना चढताना?"

"दुखतं की. पर त्याचं काय न्हाय. मी चालती कुटं लई. मांडी पडंना आन पडली तर सुटंना."

डॉक्टर हसले. म्हणाले, सगळे पेशंट चालायचं म्हणून येतात, बसायचं म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच. मग त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावून दाखवला. गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी पार संपली होती, हाडावर हाड घासत होतं. बाहेरची बाजू चांगली होती. वाटी चांगली होती. हाडं बांधून ठेवणारे आतले दोर शाबूत होते. "म्हणजे चपलेची टाच एका बाजूनं झिजली तर तेवढीच बाजू नवी लावता येते, तसं," डॉक्टर म्हणाले. "किंवा सगळा गुडघा बदलता येतो. दोन्ही करता येईल."

मुलगी लगेच म्हणाली, "सगळा करा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. माझ्या ऑफिसात एकीच्या आईनं अर्धा केला, काही वर्षांनी उरलेला अर्धा झिजला. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ते सगळं."

"होतं तसं कधी कधी," डॉक्टरांनी कबूल केलं. "उरलेला सांधा तुमचा जुनाच राहतो. त्याचं वय वाढतच राहणार."

अव्वांनी हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. "तू मला एवढंच सांग. मांडी कशात पडंल?"

"पूर्ण बदलला तर मांडी घालू नका असंच मी सांगेन. अर्धा केला तर तुमचे दोर तुमचेच राहतात, गुडघा बराचसा पूर्वीसारखा वाकतो. काही महिने खाली बसायचं नाही, व्यायाम करायचा, मग बहुतेक पडेल. शब्द देत नाही."

"बहुतेक लई झालं," अव्वा म्हणाल्या. "अर्दा कर."

घरी आल्यावर मायलेकींचं जुंपलं. मुलगी म्हणाली, "देवाला खुर्ची चालते, अव्वा. देवानं कधी तक्रार केलीय?"

"देवाची न्हाय. माजी हाय."

"उद्या परत दुखलं तर मी रजा कुठून आणू? पूजेच्या हट्टापायी तू..."

"व्हय, हट्ट हाय," अव्वा म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. वाद संपला की त्या पीठ मळायच्या. मुलीनं ते मनात ठेवलं. पुढं कितीदा तरी मला म्हणाली, ताई, तुम्ही तरी तिला समजवायला हवं होतं.

मी समजावलं नाही, कारण खरं कारण मला ठाऊक झालं होतं. दाखल व्हायच्या दिवशी दुपारी मुलगी खाली काउंटरवर होती, मी अव्वांच्या कॉटशेजारी उभी. अव्वा पलंगावर पाय लोंबकळत बसलेल्या, चेहरा फाशी जाणाऱ्यासारखा, ऑपरेशनमुळं नव्हे, उंचीमुळं. मला म्हणाल्या, "हिकडं ये. तुमच्यात मेल्यावर काय करत्यात?"

"जाळतात," मी म्हटलं. "आत्ता कशाला?"

"आमच्यात बसवत्यात. मांडी घालून. तसंच खाली नेऊन ठेवत्यात, समाधीत."

ते मला माहीत होतं. सोलापुरात राहून ते बघितलेलं नसलेला माणूस विरळा.

"माजी सासू," त्या म्हणाल्या, "गुडगे आखडलेले तिचे. दोन्ही. गेली तवा मांडी काय पडंना. दीर दाबतोय, जाऊ वडतीया. शेवटी चादरीनं बांदून भिंतीला टेकवली. तर कलंडायला लागली. स्वामी मंत्र म्हणतोय आन सासू कलंडतीया. परत हुबी करायची, परत कलंडतीया. माणसं रडायची सोडून हसायला लागली. मी बी हसली." त्या आत्ताही हसत होत्या. मग थांबल्या. "सासू लई ताठ बाई होती. तिला किती वंगाळ वाटलं असंल. मला चारचौगांत कलंडायचं न्हाय."

"एवढ्यासाठी अर्धा गुडघा?"

"पूजेसाठी बी हाय. पर हे जास्त." मग हळूच म्हणाल्या, "तू खालीच राहतीस. तुलाच पयलं कळणार. आदी मांडी घालायची, मग फोन करायचा. अंग गार व्हायच्या आत. लक्षात ठेव. आन हिला आत्ता सांगू नकोस, रडत बसंल."

मी बरं म्हटलं. काम सांगितलं की मी बरं म्हणते. कसं करायचं ते मात्र विचारून घेतलं: कुठला पाय वर, हात कुठं, पाठीला काय लावायचं. त्यांनी नीट सांगितलं, जशी रेसिपी सांगावी.

ऑपरेशनला कमरेखाली बधिर केलं होतं. वरची अव्वा जागीच होती. आत ठोकाठोक ऐकू आली तेव्हा डॉक्टरांना म्हणाल्या, "हळू ठोक, शेजारी झोपल्यात." हे मला नर्सनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर देऊन उभं केलं, त्या चालल्या. वॉर्डातल्या बाकीच्या बाया पहिलं पाऊल टाकलं की हात जोडून रडत होत्या. अव्वा दारापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "झालं? चालायचं कुणी इचारलंय?"

घरी आल्यावर खरी शिक्षा सुरू झाली. काही महिने खाली बसायचं नाही. मिरच्या खुर्चीवरून फरशीवर आल्या आणि अव्वा फरशीवरून खुर्चीवर गेल्या. "मिरच्या खाली आन मी वर," त्या म्हणायच्या, "कलियुग म्हंत्यात ते ह्येच." खुर्चीत त्या कधी टेकल्या नाहीत. परीक्षेला बसल्यासारख्या कडेवर ताठ.

गुडघा मात्र त्यांना आवडला. त्याच्याशी भांडण बंद झालं. बरेच महिने तो हाताला गरम लागायचा. "थंडीचं बरं हाय," त्या म्हणायच्या. वाकवताना कधी कधी आतून टक् असा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले धातू आणि प्लॅस्टिकचा असतो, दुखत नसेल तर काळजी नको. जखमेच्या बाहेरच्या अंगाला बधिर पट्टा होता, तिथं स्पर्श कळायचा नाही. येणाऱ्या प्रत्येकाला हात लावून बघायला लागायचं. "हितं दाब. कळत न्हाय. आता हितं दाब. कळतंय. बगितलं?" विजेच्या मीटरवाल्यानंही दाबून बघितला.

व्यायाम शिकवायला एक बाई यायची. पाठीवर झोपून टाच नितंबाकडं ओढायची, सावकाश. टाच कुठवर आली ते कळावं म्हणून मी शिलाईच्या खडूनं चादरीवर रेघ मारायची. रोज संध्याकाळी शटर ओढून मी वर जायची आणि रेघ पुढं सरकली की नाही त्यावर आमची भांडणं व्हायची. "अव्वा, टाच नाही सरकली, तुम्हीच खाली सरकलात."

"तू नजर वाकडी करून बगतीस."

"कापड मापायचा धंदा आहे माझा."

"मग कापडच माप. माजा पाय कशाला मापतीस?"

तरी रेघ पुढं जात होती. व्यायामाची बाई खूश होती, डॉक्टर खूश होते. घाई झाली ती अव्वांना.

शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्याकडं गणवेशांचे गठ्ठे साठतात. खालची जागा पुरत नाही म्हणून मी शिवून झालेले निळे स्कर्ट बांधून वरच्या खोलीत ठेवायची. एकदा एक गठ्ठा उचलला तर मधोमध खड्डा. दुसऱ्यालाही. इस्त्री केलेल्या चुण्या सगळ्या मोडलेल्या. मला वाटलं मांजर. मग लक्षात आलं, ह्या घरात मांजर कधीच नसतं.

अव्वांनी गठ्ठे एकावर एक रचले होते. आधी उंच, खुर्चीएवढे. त्यावर चढून मांडी घालायची. ती जमली की एक गठ्ठा काढायचा. पुन्हा जमली की आणखी एक. मी खाली असताना दारं लावून हा उद्योग चालला होता. फरशी यायला दोनच गठ्ठे उरले होते.

"अव्वा, हे माझ्या शाळेचे स्कर्ट आहेत!"

"पोरी बसणारच हैत की त्याच्यावर. मी जरा आदी बसली."

मी चिडले, सगळे गठ्ठे खाली नेले आणि पुन्हा इस्त्री केले. पण स्कर्टचं सोडा, गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी फुगून टरबुजासारखा झाला, वाकेचना. खडूची रेघ जिथून निघाली होती तिथं टाच परत गेली.

अव्वा मला म्हणाल्या, "तुम्ही कामाचं माणूस. तुम्हाला माज्यामुळं लई तरास."

मी घाबरले. अव्वांनी त्या घरात, बँकेत, दवाखान्यात कुणालाही अहो-जाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं. देवालासुद्धा अरे-तुरे. त्या माणसांशी बोलेनाशा झाल्या. खुर्चीत बसायच्या आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसायच्या. विभूती लावायच्या, लिंग तळहातावर घ्यायच्या, पण डोळे मिटायच्या नाहीत. पायाकडं बघत राहायच्या.

डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गुडघा तपासला, फोटो काढला. बसवलेलं जागच्या जागी होतं. ते ओरडले नाहीत, ते बरं केलं. "आजी, आत जुना सांधा आणि नवा तुकडा, दोघांना एकमेकांची सवय व्हावी लागते. तुम्ही भांडण लावून दिलंत."

"आता पडंल का न्हाय?"

"आता घाई केलीत तर नाही पडणार. थांबलात तर अजूनही पडेल बहुतेक."

जन्मात पहिल्यांदा अव्वांनी कुणाचं तरी ऐकलं. सांगितलं तेवढंच केलं. शेजारीण गरम विटेचा शेक द्यायला आली, तिला बाहेरूनच घालवली. डॉक्टरांनी बर्फ सांगितला होता. बर्फाऐवजी फ्रीजमधल्या गोठलेल्या मटारची पिशवी गुडघ्यावर ठेवायच्या आणि रात्रीच्या जेवणाला तोच मटार. आम्ही त्या पावसाळ्यात मटार फार खाल्ला.

हळूहळू सूज उतरली. रेघ पुन्हा निघाली. एके दिवशी वरून आरोळी आली, "अगं ए! मेलीस का काय? खडू घेऊन ये!" त्या अरे-तुरेवर आल्या, तेव्हाच मी जाणलं की सुधारतंय.

श्रावणात मुलगी आली होती तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली. घरी आल्यावर अव्वांनी लुगड्याचा पदर खोचला. आम्हा दोघींना लांब उभं केलं. भिंतीला हात लावला, डाव्या पायावर भार देऊन हळूच खाली आल्या, आधी डावा पाय घेतला, मग उजवा हातानं धरून आत ओढला. टक् असं वाजलं. मुलगी दचकली. अव्वांनी उजवा पाय डाव्यावर ठेवला, हात सोडले, पाठ सरळ केली.

"पडली," त्या म्हणाल्या.

मग त्या मुलीवर ओरडल्या, "हुबी काय ऱ्हातीस? बस की!"

मुलगी बसली. तिघींनी फरशीवर बसून जेवण केलं, वरणभात, वांग्याची भाजी, भाकरी. उठायची वेळ आली तेव्हा अव्वा भिंत धरून, बरंच कण्हून, पण स्वतः उठल्या. मुलगी उठेना. दिवसभर खुर्चीत बसून तिची कंबर धरली होती. अव्वांनी तिला हात दिला आणि मला डोळा मारला. "हिचा बी अर्दा करून आणू काय?"

त्यानंतर त्या पुष्कळ जगल्या. उजवा गुडघा शेवटपर्यंत ठीक होता. डावा, म्हणजे त्यांचा स्वतःचा, मागं पडत गेला. त्याला त्या सावत्र म्हणायच्या. चालताना लंगडायच्या. पण रोज सकाळी मांडी पडायची, आणि बँकेत, लग्नात, स्टँडवर त्या पूर्वीसारख्याच लोकांच्या पायात यायच्या.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी वरून काहीच आवाज आला नाही. मी वर गेले. त्या अंथरुणावर कुशीवर होत्या. गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघितलं, मान हलवली आणि कागद करायला गेले. मी फोन हातात घेतला. मग बाजूला ठेवला.

अंग अजून ऊबदार होतं. मी त्यांना भिंतीपाशी ओढलं, काखेत हात घालून, एकदा घातला होता तसाच. पाय घ्यायला लागले. नवा गुडघा एका झटक्यात वळला. अडला तो सावत्र. त्याला वेळ लागला, मला घाम फुटला, मी त्याच्यावर ओरडलेही असेन. शेवटी आला. पाठीशी घडी घातलेली चादर, दोन्ही बाजूंना उश्या, तळहातावर लिंग. लांब जाऊन बघितलं. डावीकडं जरा कल होता, तो काढला. मग मुलीला फोन केला.

दुपारी स्वामी आले. बघून म्हणाले, "कुणी बसवलं? छान बसवलंय." मिरवत नेताना रस्त्यातले खड्डे काही कमी नव्हते. त्या कलंडल्या नाहीत. मी शेवटपर्यंत मागून बघत चालले होते.

असं सगळं मी त्या दिवशी केर काढता काढता आठवत होते. संध्याकाळी मुलगी आली, थकलेली होती, जेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन वर गेले. ती भिंतीला टेकून फरशीवर बसली होती, पाय लांब. म्हणाली, "ताई, मला अजून वाटतं, तिनं पूर्ण करायला हवा होता. शेवटपर्यंत लंगडतच राहिली. पूजेच्या हट्टापायी."

मी चहा खाली ठेवला, तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. सासूबाईंचं, चादरीचं, दवाखान्यातल्या दुपारचं, फोन करायच्या आधी मी काय केलं त्याचं.

तिचे डोळे भरले. मग तिनं विचारलं, "आजी खरंच कलंडत होती?"

"स्वामी मंत्र म्हणत असताना. पुन्हा पुन्हा."

"आणि अव्वा हसली?"

"त्याच तर म्हणाल्या."

मुलीच्या तोंडातला चहा उडाला. ती हसायला लागली ती थांबेचना, पोट धरून, डोळे पुसत. पुसून झालं की पुन्हा. हसू ओसरल्यावर पायांकडं बघत म्हणाली, "ताई, मग मला कोण बसवणार?"

"ते पुढचं पुढं," मी म्हटलं. "आधी जिवंतपणी बस. पाय घे जवळ."

तिनं पाय जवळ घेतले. एक आला, दुसरा अर्ध्यावर राहिला. मी तो धरून आत सारला, ती "अगं आई गं" म्हणून ओरडली, पण बसली. तेवढ्यात खालून शिलाईच्या बायकांनी हाक मारली. मी कपबशा उचलल्या आणि शटर उघडायला गेले.